चौथ्या सापळ्याचा पत्ता

सोमवारी सकाळी मॅडम आतल्या खोलीतून कागद हलवत बाहेर आल्या, तेव्हा दादा सहा बॅटऱ्या ओळीने चार्जिंगला लावत होता.

"सापडला!" मॅडम म्हणाल्या. "दादा, सापडला! चौथ्यात!"

मायक्रोस्कोपखाली डास निवडत बसलेल्या निवडबाईने मान वर केली. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थबकला. मॅडमनी कागद टेबलावर पसरला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखवला. सापळा क्रमांक चार. ठिकाण, तळ्याचा काठ. मागच्या मंगळवारचे डास, तिसरी नळी. मेंदूज्वराचा विषाणू, आहे.

अकरा वर्षं या खोलीत डास पकडून, निवडून, पन्नास-पन्नासच्या नळ्या भरून तपासले जात होते ते या एका 'आहे'साठी. खालच्या जिल्ह्यांतून हा विषाणू दर वर्षी थोडा थोडा वर सरकत होता. भिंतीवरच्या नकाशात टाचण्या वर वर चढत होत्या. आपल्या भागात तो शिरला, की पोरंबाळं तापाने फणफणून दवाखान्यात पडायच्या आत ओरडायचं, एवढंच या प्रयोगशाळेचं काम. आज ओरडायची वेळ आली होती, आणि मॅडमचा चेहरा पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलीसारखा फुलला होता.

"अभिनंदन, मॅडम," दादा म्हणाला, आणि लाल चिमटा काळ्या टोकाला लावून बसला. चट्‌कन ठिणगी उडाली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

झालं त्याला कारण होतं. गेल्या एकवीस मंगळवारांत चौथ्या सापळ्याने तळं बघितलंसुद्धा नव्हतं. तो टांगलेला असायचा गावातल्या जुन्या वस्तीत, दादाच्या ताईच्या परसात, कपडे वाळत घालायच्या तारेच्या खांबाला.

दादा लबाड माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लबाडांना असल्या गोष्टी पचतात. दादाने सव्वीस वर्षं पावसाचा दिवस, उन्हाचा दिवस न बघता सापळे लावले. सापळा म्हणजे तरी काय, एक बारका दिवा, त्याखाली पंखा, त्याखाली जाळीची पिशवी, आणि शेजारी थर्मासमध्ये कोरडा बर्फ. बर्फाची वाफ सुटली की डासाला वाटतं, इथे कुणीतरी श्वास सोडतंय, आणि तो जेवायला येतो. सूर्य मावळायच्या आत सापळा टांगायचा, उजाडल्यावर काढायचा. पाच सापळे रस्त्याच्या कडेला होते. चौथा मात्र मोटारसायकलवरून चाळीस मिनिटं, आणि पुढे बांधावरून पाव तास पायी, हातात पाच किलोची बॅटरी.

दादाचा उजवा गुडघा गेल्या वर्षी रुसला तो रुसलाच. त्यात एका मंगळवारी अवकाळी पावसाने बांध पाण्याखाली गेला. परत फिरताना वाटेत ताईचं घर लागलं. ताई म्हणाली, "अरे, लाव की इथेच. डास काय आमच्याकडे कमी आहेत?" दादाने लावला. आणि रजिस्टरमध्ये 'तळ्याचा काठ' असं लिहिलं, कारण सवयीने हात तेच लिहून गेला. एक आठवडा, त्याने काय बिघडतंय, असं तो स्वतःला म्हणाला. पुढच्या मंगळवारी बांध कोरडा होता, पण गुडघा ओला बांध विसरला नव्हता. त्याच्या पुढच्या मंगळवारी कारण शोधायचीही गरज उरली नाही.

आणि खरं सांगायचं, तर गुडघ्याचं नुसतं निमित्त होतं. दादाची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी गेल्यावर कुलूप उघडायचं आणि आत जाऊन दिवा लावायचा, एवढाच त्याचा संसार उरला होता. ताईकडे मागच्या पायरीवर चहा मिळायचा. ताई त्याला 'धाकट्या' म्हणायची, अजून. ताईची सून "मामा, बसा ना" म्हणायची. सहा वर्षांची नात चिमणी आणि शेजारच्या शिंप्याची तिच्याच वयाची मुलगी, दोघी कुंपणाच्या भिंतीवर चढून सापळा कधी पेटतोय याची वाट बघत. शिंप्याच्या मुलीला सगळी गल्ली भिंगरी म्हणायची, कारण ती एका जागी दोन मिनिटं टिकली असं कुणी पाहिलं नव्हतं. फक्त मंगळवारी संध्याकाळी, सापळ्याचा दिवा लागताना, ती गप्प उभी राहायची. दादाचं नाव तिने 'दिवेआजोबा' ठेवलं होतं.

तर हा असा चौथा सापळा. आणि त्यातच नेमका विषाणू.

मॅडम नकाशाजवळ गेल्या, लाल टाचणी घेतली आणि तळ्याच्या काठावर रोवली.

"उद्यापासून तळ्याच्या वस्तीत धूरफवारणी," त्या म्हणाल्या. "गुरुवारी लसीकरण. तीनशे डोस आहेत आपल्याकडे, वस्तीत अडीचशेच्या वर मुलं आहेत. पुढचा साठा यायला महिना लागेल. पण वेळेत कळलं दादा, हे महत्त्वाचं. तुमच्यामुळे कळलं."

दादाने मान हलवली. मान हलवण्यावाचून दुसरं काय हातात होतं? खरं सांगावं, तर खोटी नोंद केली म्हणून नोकरी जाणार, आणि निवृत्तीला उरले होते आठ महिने. न सांगावं, तर धूर आणि लस जाणार तळ्यावर, आणि विषाणूवाले डास फिरणार ताईच्या गल्लीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सव्वीस वर्षं त्याने डासांना पंख्याखाली ओढलेलं बघितलं होतं. आत गेलेला डास जाळीच्या वरच्या बाजूलाच धडका मारतो, खालून बाहेर पडायची वाट असली तरी त्याला ती दिसत नाही, हे दादाइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्या संध्याकाळी तो ताईकडे गेला. बरोबर सापळा नव्हता, म्हणून ताईने आधी त्याचे रिकामे हात बघितले.

"आज सोमवार ना रे? बरं नाहीये का तुला?"

"बरा आहे. ताई, मच्छरदाण्या लावा. सगळ्यांना. संध्याकाळी पोरीला बाहेर सोडू नका. मागचं गटार तुंबलंय, ते साफ करून घ्या."

"इतकी वर्षं तुंबलंय तेव्हा नाही आठवलं तुला. आज काय झालं?"

"डास वाढलेत," दादा म्हणाला.

"डासवाल्याच्या बहिणीला डासांची भीती दाखवतो," ताई सुनेला म्हणाली, आणि दोघी हसल्या. दादाही हसला. भिंतीवरून भिंगरीने विचारलं, "दिवेआजोबा, उद्या दिवा आहे ना?" तो म्हणाला, आहे. आणि मग अंधार पडायच्या आत घरी जा, असं तिलाही म्हणाला. ती भिंतीवरून उडी मारून पळाली, पण घरी नाही, गल्लीच्या टोकाकडे.

रात्रभर विचार करून त्याने एक युक्ती काढली. आपण तोंड उघडायचं नाही, डासांनाच बोलू द्यायचं. मंगळवारी सकाळी तो मॅडमना म्हणाला, "एक सातवा सापळा जादा लावून बघू का? माझ्या बहिणीच्या गल्लीत. डास फार आहेत तिथे."

"वा!" मॅडम म्हणाल्या. "गावात शिरलाय का तेही कळेल. लावा."

त्या मंगळवारी दादा गुडघ्याला फडकं बांधून खरोखरच तळ्यावर गेला. बांधावर तीनदा बसला. चौथा सापळा एकवीस आठवड्यांनी आपल्या जागी टांगला, आणि परत येऊन सातवा ताईच्या खांबाला लावला. आता सातव्यात विषाणू सापडेल, धुराची गाडी गल्लीत येईल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. देव पावला तर असा पावतो, असं त्याला वाटलं.

पण देवाला बाकीचीही कामं असतात. हजार डासांत एखाद्याच्या पोटात विषाणू असायचा. तो एक डास एकदा सापळ्यात आला म्हणून पुन्हा येईलच असा काही करार नव्हता. पुढच्या सोमवारी मॅडम कागद घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुमच्या बहिणीला सांगा, निर्धास्त राहा. सातवा स्वच्छ आहे. गावात अजून काही नाही." आणि त्यांनी जुन्या वस्तीवर एक हिरवी टाचणी टोचली.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आतापर्यंत गल्लीबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं. आता गल्ली स्वच्छ असल्याचा सरकारी पुरावा होता, आणि तो दादाने स्वतःच्या हाताने आणून दिला होता.

त्या मधल्या गुरुवारी आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती सांगताना मला स्वतःला दादाची लाज वाटते. पण सांगायला हवी. गुरुवारी सकाळी तो ताईकडे गेला, सुनेला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "चिमणीला माझ्याबरोबर पाठव. मेंदूज्वराची लस आहे. डोस मोजके आहेत, कुठे बोलू नकोस."

सून घाबरली. "मामा, इथे आलाय का तो ताप?"

"इथे नाही. पण असलेली बरी."

मोटारसायकलवर पुढे चिमणीला बसवून तो तळ्याच्या वस्तीत गेला. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल मांडून नर्स नावं लिहीत होती. "राहणार?" तिने विचारलं. दादाने सांगितलं, "तळ्याचा काठ." आता या पत्त्याला त्याची जीभ इतकी सरावली होती, की खोटं बोलल्याचं त्याला परतीच्या वाटेवरच कळलं. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, अशी म्हण दादाने आयुष्यात शंभरदा दुसऱ्यांना ऐकवली असेल. चिमणीच्या दंडावर कापसाचा बोळा होता. गल्लीच्या तोंडाशी भिंगरीने धावत येऊन विचारलं, "काय झालं गं?" तेव्हा चिमणी म्हणाली, "सांगायचं नाहीये." दादा गाडी लावत होता. त्याने ऐकलं.

निवडबाईबद्दल अजून सांगायचं राहिलं. तांदूळ निवडावेत तसे ही बाई अकरा वर्षं डास निवडत होती, गार काचेवर, बारीक चिमट्याने. पाय, पंख, सोंड बघून कुठला डास कुठल्या पाण्याचा हे ती सांगायची. त्याच आठवड्यात, सातव्याचा निकाल यायच्या आधी, तिने चौथ्या सापळ्याची पिशवी काचेवर ओतली आणि एकेक डास उलटून बघितला. मग मॅडमना हाक मारली.

"हे बघा. ठिपकेवाला परत आलाय. पाणगवतातला. पाच महिन्यांत एक नव्हता, आज दीडशे."

मॅडमनी बघितलं. "फवारणीने गटारातला मेला, मूळचा परत आला," त्या म्हणाल्या. "अहवालात घालू." मॅडमचा अहवाल त्याच विषयावर होता. तळ्यावरचा पाणगवतातला डास गेल्या पाच महिन्यांत नाहीसा झाला, त्याची जागा गटारातल्या तपकिरी डासाने घेतली, आणि म्हणूनच विषाणूला या भागात वाट मिळणार, असं त्यांनी चाळीस पानांत मांडलं होतं. वरच्या कचेरीत त्याची वाहवा झाली होती. तळं बदललं, असं मॅडम सांगत होत्या. तळ्याने काहीच केलं नव्हतं.

निवडबाईने दादाकडे बघितलं. नुसतं बघितलं. चोराच्या मनात चांदणं, तसं दादा उठून बर्फाचा डबा धुवायला निघून गेला. डबा धुतलेलाच होता.

असे दिवस चालले. दादा रोज कामावर येई, रोज ठरवी की आज सांगायचं, आणि रोज चहाची वेळ, जेवणाची वेळ, सुटायची वेळ होऊन जाई. रोज सांगणं आणखी अवघड होत होतं. काल का नाही सांगितलं, या प्रश्नात रोज एका दिवसाची भर पडत होती. त्याला वाटे, ताप आलाच नाही कुणाला तर? हिवाळा येईल, डास मरतील, आठ महिने सरतील. आशा कुणाला सुटते? तो ताईकडे दोनदा गेला, गटार स्वतः उपसलं, डबकी बुजवली. ताई म्हणाली, "कुणीतरी बोलावून घे की, गुडघा आधीच गेलाय." तो म्हणाला, "असू दे."

सोळाव्या दिवशी ताईची सून कचेरीत आली. कधी न येणारी बाई दारात उभी बघून दादाने हातातली बॅटरी खाली ठेवली.

"मामा, भिंगरीला दवाखान्यात नेलंय. परवापासून ताप. काल झटके आले. कुणाला ओळखत नाही." मग आवाज खाली करून ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, मेंदूत गेलाय ताप. मामा, तुम्ही म्हणाला होता, इथे नाही."

दादा दवाखान्यात गेला. काचेपलीकडे भिंगरी पडली होती. नाकात नळी, हाताला नळी. तिचे पाय चादरीखाली सरळ होते. शिंपी बाकावर बसला होता, गळ्यात मोजपट्टी तशीच. दुकानातून उठून आला तसाच कालपासून बसला असावा. दादा त्याच्या शेजारी बसला.

"दादा," शिंपी म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "चिमणीच्या आई काल बोलल्या. चिमणीला तुम्ही टोचून आणलंत म्हणून. चांगलं केलंत. तिचं तरी निभावलं." तो थोडा थांबला. "तुमचं खातंच ते, तुम्हाला आधी कळणार. पण त्याच दिवशी माझी पोरगी तुमच्या गाडीमागे पळत होती, दादा. एक शब्द टाकला असतात भिंतीवरून… मी तिला पाठीवर घेऊन चालत आलो असतो."

दादा उठला, जिना उतरला, आणि मोटारसायकल विसरून चालतच कचेरीत गेला. गुडघा दुखतोय हे त्याला अर्ध्या वाटेवर कळलं, आणि दुखतोय हे बरं वाटलं.

तरीही तो सरळ मॅडमकडे गेला नाही. माणूस किती भित्रा असावा याला काही माप नाही. तो निवडबाईसमोर जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला.

निवडबाईने चिमटा खाली ठेवला. "एप्रिलपासून," ती म्हणाली. "ठिपकेवाला डास एका मंगळवारात संपत नाही, दादा. मी तेव्हाच मॅडमना म्हटलं, जागा तपासू या, सापळा दुसरीकडे लागतोय. मॅडम काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, डास बदलेल निवडबाई, दादा बदलायचे नाहीत."

दादा स्टुलावर बसला.

"मग मीही गप्प बसले," निवडबाई म्हणाली. "अकरा वर्षं तुमच्या पिशव्या निवडल्या. तुमच्याविरुद्ध कागद करायचा, तर हात धजेना. माझंही चुकलंच. पण तुम्ही आत जा आता. मी तुमच्या मागून येते. पुढून नाही येणार."

मॅडम फोनवर होत्या. दादाला बघून त्यांनी खुर्चीकडे हात केला. तो बसला नाही. उभ्याउभ्यानेच, एका श्वासात बोलला. एकवीस मंगळवार, ताईचं परस, तारेचा खांब, चिमणीची लस, सगळं. ऐकता ऐकता मॅडमनी फोन ठेवून दिला. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहिला असेल.

त्या उठून नकाशाजवळ गेल्या. तळ्यावरची लाल टाचणी काढली. जुन्या वस्तीवरची हिरवी काढली. लाल टाचणी हातात धरून त्यांनी विचारलं, "घर नंबर?"

दादाने सांगितला.

"सोळा दिवस," मॅडम म्हणाल्या. "सोळा दिवस तुम्ही माझ्यासमोर चहा प्यायलात, दादा."

"मुलगी वाचेल ना, मॅडम? तेव्हाच सांगितलं असतं तर…"

"मला काय विचारता? तिला तो डास त्या सोमवारच्या आधी चावला की नंतर, हे कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. तुम्हाला तर कधीच कळणार नाही." त्यांनी डोळे पुसले आणि रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. "आधी धुराची गाडी वळवते. मग वर फोन करून माझा अहवाल खोटा आहे म्हणून सांगते. तोवर तुम्ही यात एकेक ओळ दुरुस्त करा. एकवीसच्या एकवीस. खोडायचं नाही, खाली खरा पत्ता लिहायचा आणि सही करायची. तुमचं काय ते नंतर."

दादा लिहायला बसला. ताईच्या घराचा पत्ता त्याने आयुष्यात कुठे लिहिला नव्हता. लिहायची वेळच आली नव्हती, तो तिथे डोळे मिटून जायचा. आता एकवीस वेळा लिहिला. निवडबाईने रजिस्टर धरून ठेवलं.

दुपारी धुराची गाडी गल्लीत शिरली. उरलेले पंचेचाळीस डोस आले. गल्लीत आणि शेजारच्या दोन गल्ल्यांत मिळून मुलं निघाली एकोणसत्तर. सगळ्यांत लहान कोण, हे ठरवत नर्स रांगेतून फिरत होती आणि आया वय कमी करून सांगत होत्या. खांब दाखवायला दादाला न्यावं लागलं. तो दाखवत असताना कुणीतरी म्हणालं, "याच्याच दिव्याने डास इथे गोळा झाले." ते तसं नव्हतं. डास गटारातले होते, दिवा नसता तरी तिथेच असते. पण हे समजावून सांगायचा हक्क आपण घालवला, हे दादाला कळत होतं. तो खाली बघत उभा राहिला. ताई मागच्या दारात आली, त्याच्याकडे बघितलं, आणि दार लावून घेतलं.

दादाला घरी बसवलं. चौकशी अजून चालू आहे. त्यात काय निघायचं ते निघेल. गल्लीत आणखी दोघांना ताप आला आणि दोघं बरी झाली. भिंगरी पाच आठवड्यांनी घरी आली.

ती आल्याचं सुनेने कळवलं. ताईने नाही. पुढच्या मंगळवारी, सूर्य कलताना, दादाने कपडे बदलले आणि जुन्या वस्तीत गेला. हातात काही नव्हतं, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं. परसाच्या फाटकातून आत गेला. मागचं दार बंद होतं. तो पायरीवर बसला. परत जावं, असं दोनदा मनात आलं. जाऊन कुठे जाणार? घरचं कुलूप उघडून आत बसला तरी समोर हीच गल्ली उभी राहायची.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. ताईने चहाचा कप पायरीवर ठेवला. त्याच्या हातात दिला नाही.

"इतके महिने मला वाटायचं, भाऊ मला भेटायला येतो," ती म्हणाली. "मी शेजारणींना सांगायची, मंगळवार चुकवत नाही म्हणून."

"भेटायलाच यायचो, ताई."

"मग तेवढ्यासाठीच यायचं होतंस."

ताईने पदराने डोळे पुसले. "पी," ती म्हणाली. "गार होईल. आणि दर मंगळवारी यायचं. तोंड लपवून घरी बसशील तर मी तिकडे येईन तुला ओढायला. तिला रोज आम्ही बघतो, तूही बघ."

भिंतीपलीकडे शिंप्याच्या परसात एक खुर्ची ठेवली होती. भिंगरी तीत बसली होती, मांडीवर उशी, उशीवर उजवा हात. शिंपी तिच्या पायांशी बसून तिच्या फ्रॉकला बटणांऐवजी मोठे हूक लावत होता, एका हाताने लावता येतील असे. त्याने दादाला बघितलं. पण उठून गेला नाही. चिमणी भिंतीवर एकटी चढून बसली होती.

भिंगरीने मान वळवली. तिला वेळ लागायचा आता, मान वळवायला, बघायला, शब्द शोधायला.

"दिवे…आजोबा," ती म्हणाली. "दिवा… नाही आणला?"

खांबावर सापळ्याच्या दोरीचा जुना वळ होता. दादाने त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"नाही, बाळ," तो म्हणाला. "तो आता त्याच्या जागेवर लावतात."

"का?"

शिंप्याचा हात सुईवर थांबला. ताई दारातून हलली नाही. दादाने चहाचा कप खाली ठेवला, उठला, आणि गुडघा दाबत भिंतीपाशी गेला, तिला नीट ऐकू जावं म्हणून. मग पहिल्या मंगळवारापासून सांगायला लागला.